आधी भांडी, मग गाडी

कुलपांचं दुकान चालवणारा आणि स्वतःच्या घराला कधीही कुलूप न लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. माझ्या नशिबानं तो आमचा घरमालक होता. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणायची, म्हणून आम्हीही चाचाच म्हणायला लागलो. वय साठीच्या पुढचं, अंगानं किरकोळ, डोक्यावर सदा विणलेली पांढरी टोपी, आणि नाकावर इतका जाड चष्मा की त्यामागचे डोळे त्या चेहऱ्याला मोठे वाटावेत. त्या डोळ्यांनी ते गल्लीत शिरणाऱ्या प्रत्येक माणसाकडे, सायकलकडे आणि शेळीकडे रोखून बघायचे आणि विचारायचे, "कुठी चालले, भाऊ?" शेळी सोडून बाकी सगळ्यांना उत्तर द्यावंच लागे.

गल्ली चंद्रपुरातली, जुन्या कोटाच्या भिंतीला लागून. गावातली म्हातारी माणसं अजून चांदाच म्हणायची. मी तिथल्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला आले होते. नवरा रस्त्यांच्या कामावर, अहेरीच्या पलीकडे. रविवारी घरी आला तर आला. मी खोल्या बघायला गेले तेव्हा चाचांनी खोल्या दाखवायच्या आधी माझीच झडती घेतली.

"कुठच्या तुम्ही, बाई?"

"वर्ध्याची."

"वर्ध्याहून चांद्याले? बदली हाये का सजा?"

मग मालक कुठे असतात, घरी अजून कोण आहे, स्वयंपाक कशावर करता. माझ्या मागे लपलेल्या मीनूकडे वाकून त्यांनी बराच वेळ पाहिलं. मीनू तेव्हा पहिलीत होती.

"हिचे डोळे पिवळे काऊन हायेत?"

मला राग आला. खोली भाड्यानं घ्यायला आलेल्या बाईला तिच्या लेकरावरून कोणी असं विचारतं का? मी तुटकपणे सांगितलं, सिकलसेल आहे. त्या भागात हे नाव समजावून सांगावं लागत नाही. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, कुठंतरी अडकतात, आणि मग लेकरू हातपाय पोटाशी घेऊन तळमळतं. कधी छातीत अडकलं तर श्वासच कोंडतो. तेव्हा हाताशी वेळ फार थोडा असतो.

चाचा आत गेले आणि बायकोला, चाचींना, बाहेर घेऊन आले. "हे बाई राहाले येऊन राह्यल्या. लेकीले सिकल हाये. आपली मागची खोली रिकामी करून दे, तिथी हवा चांगली हाये." मी अजून हो म्हटलेलंच नव्हतं.

पुढं कळलं की पलीकडच्या गल्लीतलं एक लेकरू याच आजारानं गेलं होतं. दुपारची वेळ होती, ऑटो मिळेना, मिळाला तेव्हा गल्लीच्या तोंडाशी कुणाची तरी बैलगाडी आडवी. चाचा त्या ऑटोबरोबर धावत गेले होते. ती गोष्ट ते कधी सांगत नसत, चाचींनी सांगितली.

राहायला आल्यावर पहिल्याच दिवशी शाळेत निघताना मी दाराला लावायला कुलूप मागितलं. कुलूपवाल्याकडेच मागितलं, चुकलं काय? चाचांचा चेहरा उतरला.

"आमी सारे घरी असताना कुलूप लावून जाल?"

"पण चाचा, तुम्ही स्वतः कुलपं विकता."

"विकतो ना. ज्याच्या शेजारी कोणी नाई त्याले विकतो." मग खुर्चीवर सरसावून बसत त्यांनी मला त्यांचं तत्त्वज्ञान सांगितलं. "कुलूप म्हंजे पाटी हाये, बाई. 'मालक घरी नाई' असं चोराले दुरूनच सांगते. चोर बिचारा दहा दारं शोधत फिरला असता, त्याची मेहनत वाचवते."

हे ते दुकानात गिऱ्हाइकालाही सांगायचे. सांगून झाल्यावर मोठं, जड, पितळी कुलूप त्याच्या हातात ठेवायचे, आणि गिऱ्हाईक ते घेऊनही जायचं. धंदा कसा चालत होता देव जाणे.

घरात कुलपं नव्हती असं मात्र नाही. चाचांच्या पानाच्या डब्याला कुलूप होतं. साखरेच्या बरणीला होतं. रेडिओच्या लाकडी पेटीलाही एक चिमुकलं होतं. साखर त्यांना वर्ज्य होती, पान कमी करायला सांगितलं होतं, आणि बातम्या ऐकून त्यांचं डोकं फिरत असे. या सगळ्या किल्ल्या चाचींच्या कमरेला. "कुलूप लावायचं त स्वतःले लावावं," असं ते म्हणत, आणि चाची अंघोळीला गेल्या की किल्ल्या शोधत घरभर फिरत.

गाडी आली ती मीनूसाठी. एकदा तिला बसनं नागपूरला नेताना वरोऱ्याच्या पुढं बस बंद पडली, आणि रस्त्याच्या कडेला तिला मांडीवर घेऊन बसले असताना मी मनाशी ठरवून टाकलं की आता बस नाही. माझ्या भावानं त्याची जुनी पांढरी मारुती आणून दिली. पांढरी म्हणायची आपली रीत. चंद्रपुरात आठ दिवसांत तिचा रंग कोळशाच्या धुळीचा झाला.

गाडी चालवायला मी तिथंच शिकले. शिकवणारा माणूस सकाळी यायचा आणि चाचा मागच्या सीटवर बसायचे. आयुष्यात सायकलखेरीज काही चालवलेलं नव्हतं, पण सूचना अखंड. समोरून कोणी आलं की खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून ओरडायचे, "हटो भाऊ हटो, बाई शिकून राह्यल्या!" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण लोक बाजूला व्हायचे हे खरं.

गाडी आल्याबरोबर चाचांनी गल्लीत कायदा केला. गाडी कडुलिंबाखाली उभी राहणार, आणि तिचं तोंड सदा मोठ्या रस्त्याकडे. तिच्यासमोर खाट, सायकल, म्हैस, लग्नाचा मांडव, काहीही येता कामा नये. एकदा समोरच्या टेलरनं मुलाच्या बारशाला गल्लीत सतरंज्या अंथरल्या, तर चाचांनी पाहुण्यांना जेवता जेवता उठवून मधे गाडीपुरती वाट करून घेतली. टेलर चिडला, पण सतरंज्या सरकल्या.

दुसरा कायदा मला विचारल्याशिवाय झाला. गल्लीत कुणाला बरं नसलं की चाचा माझ्या दारात. "बाई, टेलरच्या बायकोले कळा येऊन राह्यल्या. काढा गाडी." कुणाच्या म्हाताऱ्याला विंचू चावला, काढा गाडी. कुणाचं पोर झाडावरून पडलं, काढा गाडी. एकदा मी वैतागले. म्हटलं, "चाचा, ही गाडी मी माझ्या मुलीसाठी घेतली आहे."

"म्हणून त म्हणतो," चाचा शांतपणे म्हणाले. "गाडी तुमची एकटीची राह्यली त तुमी एकट्या राखसान. साऱ्यांच्या बुडाखालून गेली का सारे राखतीन."

बाईमाणसासमोर असं बोलल्याबद्दल चाचींनी त्यांना आतून चांगलंच सुनावलं. गाडी मात्र निघाली. हळूहळू गल्लीला सवयच लागली. माझं इंजिन घरघरलं की दारं उघडायची आणि बायका हातातलं काम टाकून विचारायच्या, "कोण हाये आत? काय झालं?" मी नुसती पेट्रोल भरायला निघाले असले तरी हेच. मी मान बाहेर काढून "कोणी नाही, कोणी नाही" सांगत गल्लीबाहेर पडायची.

मग नवऱ्यानं अलार्म बसवला. महिनाभरानं घरी आला तो नागपूरहून मागवलेला अलार्मचा डबा घेऊनच. आम्ही दोघी एकट्या, तो तिकडं जंगलात. बिचाऱ्याला दुसरं काय करता येणार होतं? त्यानं चाचांना सगळं समजावून सांगितलं. गाडीला कोणी हात लावला की ती ओरडणार, हे बटण दाबलं की गप्प बसणार.

"अन् ओरडल्यावर?" चाचांनी विचारलं.

"चोर घाबरून पळेल ना, चाचा."

"चोर त तयारीनं येते. घाबरतो थो मी."

पहिल्याच दुपारी वानरांचं टोळकं कोटावरून कडुलिंबावर उतरलं आणि त्यातलं एक धप्पकन गाडीच्या टपावर बसलं. गाडीनं जो टाहो फोडला त्यानं वानर पळालं, टेलरच्या मशीनचा टाका चुकला, आणि चाचींच्या हातातला वरणाचा डाव खाली पडला. सगळी गल्ली धावत आली. दुसऱ्या दिवशी म्हशीनं अंग घासलं, तेव्हा अर्धी गल्ली आली. त्यानंतर मांजर, पोरांचा चेंडू, कोळशाचा ट्रक, वाऱ्यानं पडलेली फांदी. धावत येणारी माणसं कमी कमी होत गेली.

खाणीनं तर कळसच केला. गावालगतच्या खुल्या खाणीत रोज दुपारी सुरुंग उडायचे. ज्यानं ते अनुभवलेलं नाही त्याला सांगते: आवाज फारसा येत नाही, जमीन आतून एकदा हलते. फळीवरचे पेले आणि वाट्या एकमेकांवर किणकिणतात, भिंतीची जुनी चीर जराशी वाढते, आणि झालं. आता त्यात आमच्या गाडीची भर पडली. आधी भांडी वाजायची, लगेच गाडी बोंबलायची. गल्लीतल्या बायकांना ते सोयीचंच झालं. गाडी ओरडली की म्हणायच्या, "झाला ब्लास्ट, मांडा चहा." मी शाळेत असायचे, बटण माझ्या पर्समध्ये, गाडी आपली ओरडायची, दम घ्यायची आणि आपोआप गप्प व्हायची.

चाचांना हे खपेना. एका रविवारी, मी घरात कपडे धूत असताना, त्यांनी खुंटीवरची गाडीची किल्ली उचलली, दार उघडलं आणि आत जाऊन बसले. गाडीनं आकाशपाताळ एक केलं. मी म्हटलं वानर असेल. चाचांनी काच खाली केली, खिशातून भुईमुगाच्या शेंगा काढल्या आणि सावकाश सोलून खाल्ल्या. टरफलं माझ्या गाडीत. कुणी फिरकलं नाही. शेंगा संपल्यावर उतरले आणि दारोदार फिरले.

"मी आत्ता गाडी चोरून नेली. तुमी कुठी होते?"

टेलर म्हणाला, "चाचा, तुमी त इथीच हायेत."

"मी वापस आलो. चोर येत नसते."

माझ्याही दारात आले. त्यांच्या कुडत्यावर शेंगांची फोलपटं होती आणि मुद्रा न्यायाधीशाची. मी हसू दाबत म्हटलं, "चाचा, मग काढून टाकू का अलार्म?"

"राहू द्या. मालकानं प्रेमानं लावला हाये. पन त्याच्या भरवशावर मी नाई राहात."

त्या दिवसापासून त्यांनी दुपारची खुर्ची ओट्यावरून हलवून कडुलिंबाखाली, गाडीला लागून ठेवली. जेवून दुकानात परत जायच्या आधीची डुलकी तिथंच. तोंडावर वर्तमानपत्र, पाय बंपरवर. येणाऱ्याजाणाऱ्याची चाहूल लागली की वर्तमानपत्राखालूनच विचारायचे, "कुठी चालले, भाऊ?"

पुढं जे घडलं ते मी पाहिलेलं नाही. पण चाचींनी, टेलरनं आणि टेलरच्या बायकोनं ते मला इतक्यांदा सांगितलं की आता मीच तिथं होते असं वाटतं.

मीनूला आदल्या दिवसापासून कणकण होती. शाळेत परीक्षा चालू होत्या, रजा मिळेना. मी तिला चाचींच्या खोलीत निजवून गेले. तिचे पाय ठणकत होते म्हणून चाचा त्या दुपारी खुर्चीत न बसता तिच्या पायथ्याशी बसले, आणि पाय चेपता चेपता त्यांचा डोळा लागला. चाचीही बाजूला कलंडल्या. कडुलिंबाखालची खुर्ची रिकामी होती. आठवडाभर गल्लीत चादरी विकण्याच्या निमित्तानं फिरणाऱ्या एका माणसाला तेवढंच पाहिजे होतं. गाडी कधी ओरडते आणि ओरडल्यावर काय होतं, म्हणजे काहीच कसं होत नाही, हे त्यानं नीट हेरून ठेवलं होतं.

रोजच्या वेळेला गाडी बोंबलली. चाचींनी डोळे न उघडताच म्हटलं, "झाला ब्लास्ट." आणि चहाला उठल्या.

चाचा उठून बसले. फळीकडे बघत राहिले.

"भांडी वाजली का?"

"आं?"

"भांडी. भांडी नाई वाजली. गाडी वाजली."

असं म्हणून ते अनवाणीच बाहेर आले. गाडीत माणूस बसलेला. चाचांनी हाका मारल्या, पण त्या आवाजात त्यांची हाक त्यांनाच ऐकू येईना. सगळी गल्ली दारं लोटून चहा मांडत होती. धावण्यासारखे गुडघे नव्हते, झटापट करण्यासारखं अंग नव्हतं. मग त्यांनी आपली खुर्ची उचलली, गाडीच्या नाकासमोर नेऊन ठेवली आणि तिच्यावर बसले. नेहमीसारखे, मांडीवर हात ठेवून.

तेवढ्यात त्या माणसानं इंजिन चालू केलं.

अलार्मला न उघडलेली दारं इंजिनाला उघडली. बाई शाळेत आणि गाडी चालू, म्हणजे नक्की मीनूचं काहीतरी झालंय, असं वाटून बायका पीठ भरल्या हातांनी बाहेर पडल्या. टेलर गळ्यातली टेप घेऊन धावला. सगळ्यांनी गाडीला गराडा घातला आणि खिडक्यांतून आत डोकावत ओरडू लागले, "काय झालं मीनूले? पोरगी कुठी हाये? पोरगी कुठी हाये?" चादरीवाला घामाघूम. त्याला कोण मीनू, कुठली मीनू. आणि समोर खुर्चीतून एक म्हातारा विचारतोय, "कुठी चालले, भाऊ?"

टेलरची बायको गाडीत मीनू दिसेना म्हणून चाचींच्या खोलीत पळाली. तिथून तिची किंकाळी आली.

मीनू जागी होती. तिनं कुणाला उठवलं नव्हतं. तशी ती कधीच उठवायची नाही. भिंतीला पाठ लावून बसली होती, ओठ निळसर पडले होते आणि श्वास लहान लहान, ओढून ओढून घेत होती. छातीत अडकलं होतं. चाची तिच्या उशाशी झोपल्या होत्या, नंतर चहाला उठल्या होत्या, तरी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्या माणसानं गाडी चालू केली नसती तर अजून किती वेळ आलं नसतं, हा विचार मी आजही पुरा करत नाही.

गल्लीत गाडी चालवता येणारी मी एकटी, आणि मी शाळेत.

चाचा खुर्चीतून उठले, खुर्ची बाजूला केली, आणि ड्रायव्हरच्या खिडकीशी जाऊन त्या माणसाच्या कानात ओरडले, "गाडी चांगली चालवता येते का?"

त्यानं मान डोलावली.

"मंग चाल. सरकारी दवाखाना."

"चाचा, मी तसा... मी त..."

"तू कोण हायेस थे मंग पाहू. आधी पोरगी."

मागं चाची मीनूला मांडीवर घेऊन बसल्या, पुढं चोराशेजारी चाचा. टेलरनं दार लावलं. गाडीचं तोंड मोठ्या रस्त्याकडं होतंच, समोर ना खाट ना म्हैस. आणि ती निघाली, अलार्म ओरडतच, कारण हलत्या गाडीत तो आपोआप थांबत नसे, आणि बंद करायचं बटण माझ्या पर्समध्ये, पर्स शाळेत, टेबलाच्या खणात. भर बाजारातून ती तशी बोंबलत गेली. लोकांना वाटलं ॲम्ब्युलन्स. हातगाड्या सरकल्या, ऑटो थांबले, चौकातल्या पोलिसानं हात करून बाकीची वाहनं अडवली आणि या गाडीला वाट दिली. एवढा राजरस्ता त्या चोराला जन्मात कधी मिळाला नसेल. चाचा खिडकीतून अर्धे बाहेर येऊन ओरडत होते, "हटो भाऊ हटो, पेशंट हाये!" चाची सांगतात, माणूस गाडी फार चांगली चालवत होता. एकही खड्डा लागू दिला नाही.

मला शाळेत निरोप आला आणि मी ऑटोनं दवाखान्यात पोचले. फाटकाशी उतरले तर आवारात माझीच गाडी उभी राहून गळा काढत होती. दारं उघडी, म्हणून ती गप्पही होत नव्हती, आणि आत कोणी नाही. पर्समधलं बटण कसंबसं शोधून दाबलं. एकदम सगळं शांत झालं, आणि त्या शांततेत चाचा पायऱ्यांवरून उतरत आले. अनवाणी होते.

"पोरगी हाये, बाई," ते म्हणाले. "नळी लावली हाये. श्वास घेऊन राह्यली. रक्त लागनार हाये, टेलर मानसं घेऊन येऊन राह्यला."

मी पायरीवर बसले आणि रडले. चाचा शेजारी उभे राहिले. मला थोपटावं असं त्यांच्या मनात असावं, पण बाईमाणूस, म्हणून त्यांनी माझ्या पर्सवर दोन थापट्या मारल्या. मला तेवढ्यानंही धीर आला.

बऱ्याच वेळानं मी विचारलं, "गाडी कुणी आणली?"

"ड्रायव्हर होता एक."

"कोण? कुठं आहे तो?"

"गेला. पोरीले आत घेतलं, मग गेला. मी म्हटलं चहा पिऊन जा, त थांबला नाई."

तो कोण होता हे त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, तेही गल्लीनं आधीच सांगून टाकल्यावर. रविवारी नवरा आला आणि म्हणाला, पोलिसात तक्रार द्यायलाच हवी. त्याचं नाव काय होतं, गाव कुठलं? चाचांनी चष्मा काढून कुडत्याला पुसला.

"नाई विचारलं."

मला हसू आलं. गल्लीतल्या भिकाऱ्याला कुळापर्यंत विचारणारा हा माणूस. आयुष्यात त्यांनी या एकालाच नावगाव विचारलं नाही.

"चाचा, तो चोर होता," नवरा म्हणाला.

"असन. पन चोरी कुठी झाली? गाडी दारात उभी हाये, पोरगी घरात हाये. तक्रारीत लिहाल काय?" मग चष्मा परत नाकावर ठेवत म्हणाले, "अन् तुमचा थो अलार्म कामाचा हाये बरं का, साहेब. चोरासाठी नाई. चौकातल्या पोलिसासाठी."

तुटलेलं स्टार्टरचं कुलूप त्यांनी स्वखर्चानं बदलून दिलं आणि बदलताना जुन्याकडे कौतुकानं पाहत म्हणाले की माणूस हाताचा साफ होता, उगाच खराबी केली नाही.

मी विज्ञान शिकवणारी बाई. कुणी विचारलं तर सांगेन की मीनूला ऑक्सिजननं आणि रक्तानं वाचवलं. ते खरंच आहे. पण तिथपर्यंत तिला चाचांनी पोचवलं: त्यांच्या चौकशांनी, गल्लीभर लावलेल्या त्या छळवादी शिस्तीनं, माझी गाडी मला न विचारता सगळ्यांची करून टाकण्यानं. त्या माणसाचं ऋण मी मानते, आणि फिटेल असं मला कधी वाटलेलं नाही. त्या चादरीवाल्याचंही मानते. तो जिथं असेल तिथं त्याला चांगलं काम मिळालेलं असो.

काही वर्षांनी आमची नागपूरला बदली झाली. सामान ट्रकमध्ये चढलं, मीनू चाचींच्या गळ्यात पडून रडून झाली, आणि चाचा दुकानातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. मोठं पितळी कुलूप होतं, दोन किल्ल्यांसह.

"हे ठेवा, बाई. आता लागन."

मी म्हटलं, "चाचा, इतकी वर्षं तर कधी दिलं नाही."

"इथी लागत नव्हतं," ते म्हणाले, आणि वळून ओट्याकडे गेले. ट्रक गल्लीबाहेर पडेपर्यंत त्यांनी मागं पाहिलं नाही. ड्रायव्हरला मात्र तेवढ्यात विचारून घेतलं होतं, कुठला, कुणाचा, रस्त्यात दारू तर पीत नाहीस ना.

चाचा गेले त्याला आता खूप वर्षं झाली. निरोप टेलरनं पाठवला. आम्ही तिघं गेलो. घराचं दार उघडंच होतं.

आम्ही आता फ्लॅटमध्ये राहतो. खाली पार्किंगमध्ये ओळीनं गाड्या, प्रत्येकीत अलार्म, आणि दिवसातून कितीदा तरी त्यातली एखादी ओरडत असते. वरच्या मजल्यांवर कुणी पडदासुद्धा सारत नाही. मीनू औषधं आणि तपासण्या सांभाळून नोकरी करते, जोरात हसते, माझ्यापेक्षा चांगली गाडी चालवते. मागच्या रविवारी दुपारी आम्ही जेवून पडलो होतो, तर खाली एक गाडी बोंबलायला लागली. मी कूस बदलली. मीनू उठली. तिनं स्वयंपाकघरातल्या फळीकडं एकदा पाहिलं.

"आई, भांडी वाजली नाहीत," म्हणाली, आणि पायात चपला सरकवून जिना उतरून गेली.

नागपुरात आमच्या घराजवळ खाण नाही. भांडी वाजण्याचा प्रश्नच येत नाही. मी गॅलरीत जाऊन वाकून पाहिलं. एका गाडीच्या दाराशी कुणी अनोळखी माणूस घामाघूम होऊन किल्लीशी झटत होता, बहुधा त्याचीच गाडी असावी. मीनू त्याच्या समोर जाऊन उभी राहिली होती, दोन्ही हात कमरेवर, मान जरा पुढं काढून. घरात ती माझ्यासारखंच बोलते. पण आवाज वर आला तो चांद्याचा होता.

"कुठी चालले, भाऊ? सारं ठीक हाये ना?"

मी आत आले आणि चहा मांडला.